पोरीसाठी ऑप्टिमिस्ट घ्यावी की जुनी लेझर? आणि रेसचे नियम किती पाठ करून घ्यायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाहीये म्हणून जरा बसून लिहितेय. तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत आहे, उंची पाच फूट एक इंच, वजन ४४ किलो. उन्हाळ्यात भोपाळच्या बड्या तलावावर सेलिंगचा कॅम्प करून आली, तिथं ऑप्टिमिस्ट ही लहान मुलांची शिडाची बोट चालवली आणि आता म्हणते मला रेस करायचीय. इकडं नागपुरात तुम्हाला कोणीतरी जुनी लेझर, म्हणजे त्याहून मोठी शिडाची बोट, स्वस्तात देतोय, कागद काही नाहीत, आणि तुम्ही विचारताय की ती उचलावी की ऑप्टिमिस्ट घ्यावी, दोन्हीत फास्ट कोणती, आणि ते नियमांचं पुस्तक पोरीकडून पाठ करून घ्यायचं का.

मी नागपूरचीच. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये अंबाझरीवर सेलिंग शिकले, नंतर बरीच वर्षं मुलांना शिकवतेय आणि रेगाटांमध्ये, म्हणजे सेलिंगच्या स्पर्धांमध्ये, रेस कमिटी आणि तक्रारी ऐकणारी प्रोटेस्ट कमिटी दोन्हीकडं काम करतेय. त्यामुळे खाली जे लिहितेय ते शिकवताना आणि भांडणं ऐकताना जे दिसलं त्यावरून आहे.

आधी फास्टचं सांगते, कारण सगळे पालक हेच विचारतात. सरळ वाऱ्यात लेझर ऑप्टिमिस्टपेक्षा बरीच फास्ट आहे, यात वादच नाही, पण त्या दोघी एका रेसमध्ये एकमेकींविरुद्ध सहसा धावतच नाहीत. सेलिंगमध्ये रेस असते ती क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या बोटी सारख्या, सेल म्हणजे शीड सारखं, वजनाची मर्यादा सारखी, आणि मग जो वारा चांगला वाचतो तो जिंकतो. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा पाहिजे की माझ्या पोरीच्या वयाच्या आणि वजनाच्या पंधरा-वीस मुलांचा फ्लीट कोणत्या क्लासमध्ये आहे, तो नागपूरहून किती लांब आहे, आणि मी जी बोट घेईन ती त्या फ्लीटमध्ये रेसला उभी राहू देतील का. ह्या तिन्हीची उत्तरं मिळाली की बोट आपोआप ठरते. फ्लीट नसलेल्या क्लासची बोट कितीही स्वस्त असली तरी पोरगी एकटीच तलावात चकरा मारत बसते आणि वर्षभरात कंटाळते, हे मी लय वेळा बघितलंय.

आता क्लास म्हणजे काय काय ते थोडं समजून घ्या. ऑप्टिमिस्ट १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स यांनी काढली, मुलांना प्लायवूडमधून घरच्या गॅरेजमध्ये बनवता यावी म्हणून ती चौकोनी खोक्यासारखी दिसते. साधारण २.३ मीटर लांब, हल म्हणजे बोटीचं धड ३५ किलोच्या खाली असता कामा नये, सेल साडेतीन चौरस मीटरच्या आत. आता त्या फायबरच्या असतात आणि वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे बिल्डर बनवतात, म्हणून प्रत्येक बोट मोजून घ्यावी लागते, मापाला ठरलेली थोडी सूट असते. आपण नेव्हल विंगमध्ये जी एंटरप्राइज चालवतो ती पण ह्याच पद्धतीची, जॅक होल्ट यांची १९५६ ची डिझाईन, दोन माणसांची, निळ्या सेलची. ती अजूनही नौसैनिक कॅम्पला धावते. पण साडेबारा वर्षांच्या पोरीला दुसरा जोडीदार शोधून ती देणं आत्ता नको.

लेझरचं प्रकरण वेगळं. ब्रूस कर्बी यांनी ती १९७० च्या आसपास काढली, ४.२ मीटरच्या आसपास लांब, हलचं वजन सुमारे ५९ किलो. इथं मापं घेत बसायची नाहीत, मंजुरी मिळालेल्या बिल्डरने ठरलेल्या साच्यातून काढली तरच ती त्या क्लासची बोट. २०१९ मध्ये ट्रेडमार्कचा वाद झाला आणि क्लासने नाव बदलून आयएलसीए केलं, म्हणून तुम्हाला नवीन बोटींवर आयएलसीए लिहिलेलं दिसेल आणि लोकांच्या तोंडात अजून लेझरच आहे. दोन्ही एकच. ह्या बोटीची खरी गंमत तिच्या तीन सेलमध्ये आहे. हल तेच ठेवायचं, मास्टचा म्हणजे डोलकाठीचा खालचा तुकडा आणि सेल बदलायचं. आयएलसीए ४ ला सेल ४.७ चौरस मीटर, ६ ला ५.७६, आणि ७ ला ७.०६. मुलं वाढतात तसं सेल वाढवत न्यायचं. ऑलिम्पिकला पुरुष ७ मध्ये आणि बायका ६ मध्ये धावतात, आपले नेत्रा कुमनन आणि विष्णू सरवणन ह्याच बोटींवर टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडं गेले.

आणि ४ नंबरच्या छोट्या सेलला कमी समजू नका. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये २०२३ ला नेहा ठाकूरने सिल्व्हर मेडल आणलं ते आयएलसीए ४ मध्येच, आणि ती पोरगी मध्य प्रदेशातल्या देवासची, समुद्र नसलेल्या राज्यातली, भोपाळच्या त्याच तलावावर शिकलेली जिथं तुमची मुलगी कॅम्पला गेली होती. २०१८ ला जकार्ताला हर्षिता तोमरने ब्राँझ आणलं ते पण लेझर ४.७ मध्ये, म्हणजे हीच बोट, तेव्हाचं नाव. ती पण भोपाळचीच तयार झालेली. नागपूरवाल्यांनी आपल्याकडे समुद्र नाही हे रडगाणं आता बंद करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आपल्यापासून भोपाळ साडेतीनशे किलोमीटरवर आहे.

बाकीचे प्रकार म्हणजे मॉथसारखे क्लास, जिथं नियम फक्त लांबी-रुंदीची हद्द सांगतात आणि आत काय करायचं ते करा, दर वर्षी नवीन डिझाईन येतं. ते तुमच्या कामाचं नाही, पुढं जाते.

तर तिच्यासाठी काय. इथं मी ठामपणे एकच उत्तर देऊ शकत नाही कारण ते तीन गोष्टींवर आहे, पुढच्या सहा-आठ महिन्यांत तिचं वजन किती वाढतं, तुम्ही वर्षातून किती वेळा तिला भोपाळ किंवा हैदराबादला नेऊ शकता, आणि दहावीच्या वर्षी तुम्ही सेलिंग बंद करणार आहात का.

ऑप्टिमिस्टमध्ये वयाची अट आहे, ज्या वर्षी मूल १५ पूर्ण करतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच रेस करता येते. म्हणजे तिच्याकडे अजून किमान अडीच वर्षं आहेत. पण वय आहे म्हणून वजन थांबत नाही. ऑप्टिमिस्ट साधारण ३५ ते ५० किलोच्या मुलांना छान चालते, हलक्या वाऱ्यात तर हलकं पोरगं पुढंच जातं. तुमची मुलगी ४४ वर आहे आणि उंची वाढतेय, वर्षभरात ती पन्नाशीला टेकली तर तिला त्या खोक्यात पाय दुमडून बसणंच जड जाईल. आयएलसीए ४ ला पन्नास ते पासष्ट किलो बरं असतं. ४४ किलोवर ती चालवू शकेल, पण वारा पंधरा नॉट झाला की बोट तिला झेपणार नाही, सारखी उलटी होईल, आणि ह्या वयात सारखं पाण्यात पडलं की मुलं घाबरत नाहीत तरी थकतात आणि रेस शिकायची राहून जाते.

मी माझ्याकडच्या मुलांना ह्या वजनावर असं करायला सांगते: ह्या सीझनला बोट विकतच घेऊ नका. ऑप्टिमिस्ट क्लबची घ्या, भाड्याने घ्या, आणि तिला दोन-तीन रेगाटा त्यात करू द्या, कारण स्टार्ट कसा घ्यायचा, मार्कवर, म्हणजे वळायच्या बोयावर, गर्दीत कसं घुसायचं हे ऑप्टिमिस्टच्या मोठ्या फ्लीटमध्ये जेवढं शिकायला मिळतं तेवढं दुसरीकडं नाही. भोपाळला फ्लीट आहे, हैदराबादला हुसेनसागरवर आहे, तिथं ईएमई सेलिंग असोसिएशन आणि यॉट क्लब दोन्ही आहेत, नागपूरहून पाचशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पाण्यावर. ४८-५० किलोला आली की मग आयएलसीए ४ घ्या, ती घेतली की तेच हल पुढं सात-आठ वर्षं कामाला येतं, फक्त सेल आणि खालचा मास्ट बदलायचा. ऑप्टिमिस्ट विकत घेतली तर दीड वर्षात विकायला गिऱ्हाईक शोधावं लागेल आणि नागपुरात ते मिळणार नाही. तुम्ही महिन्यातून एकदाही बाहेर नेऊ शकत नसाल तर गोष्ट थोडी वेगळी, त्यावर खाली लिहिते.

आता ती स्वस्तातली लेझर. कागद नाहीत म्हणता, कागदापेक्षा आधी प्लाक बघा. कॉकपिटच्या मागच्या भिंतीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर बोटीचा नंबर असतो, आणि तोच नंबर हलवरही कोरलेला असतो. जुन्या बोटींवर लेझर नावाचा प्लाक असला तरी चालतो. प्लाकच नसेल, उपटून काढलेला असेल किंवा दोन नंबर जुळत नसतील, तर ती बोट क्लासच्या रेसला उभी राहू शकत नाही, मग ती कितीही चांगली का असेना. ह्या बोटीच्या आकाराच्या नकला पण बाजारात असतात, दिसायला डिट्टो, आणि विकणाऱ्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. सेलचंही तसंच, अधिकृत सेलला खालच्या पुढच्या कोपऱ्यात म्हणजे टॅकपाशी क्लासचं बटन लावलेलं असतं, ट्रेनिंग सेल म्हणून जे स्वस्त मिळतं त्याला ते नसतं. सरावाला चालतं, रेसला नाही.

प्लाक ठीक निघाला तर मग बोट तपासा, आणि हे फोटोवर होत नाही, हात लावूनच करा. मागच्या बाजूला ट्रान्समवर बूच असतं ते काढा आणि बोटीचं नाक वर उचला, पाणी आलं तर हल गळतंय. मग वजन करा. आमच्या ओळखीतल्या एकाने धान्याच्या आडतीतला लटकता काटा आणला होता, दोन पट्ट्यांवर बोट लटकवून सरळ आकडा घेतला. जुन्या हलमध्ये आतल्या फोमात पाणी मुरतं आणि पाच-सात किलो जास्त भरतात, ते उन्हात ठेवून सहजासहजी निघत नाही. मग मास्टच्या भोकाकडं या, हे सगळ्यात महत्त्वाचं. डेकवर मास्ट ज्या भोकात उभा राहतो त्याच्या भोवती अंगठ्याने जोरात दाबत जा, मऊ लागलं किंवा चर्र आवाज आला तर तिथलं फायबर सुटलंय. मग त्या भोकात काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं गप्पा मारत बसा. पातळी खाली गेली तर तळाशी तडा आहे, आणि अशी बोट जोराच्या वाऱ्यात मास्टसकट डेक फाडते. हे दुरुस्त होतं पण चांगला फायबरवाला लागतो. शेवटी मास्टचे आणि बूमचे, म्हणजे सेलच्या खालच्या आडव्या दांड्याचे, रिव्हेट बघा, ॲल्युमिनियमला स्टील लागलेलं असतं तिथं पांढरी भुकटी जमते, नखाने खरवडा, खड्डा पडला असेल तर तो तुकडा बदलावा लागेल.

अजून एक, विकणारा सांगेल की मी खालून घासून गुळगुळीत करून दिलीय, बघा कशी पळते. तिथंच सावध व्हा. ह्या क्लासचे नियम बंद प्रकारचे आहेत, म्हणजे जे करायला परवानगी लिहिलेली नाही ते करायचंच नाही. तुटलं तर दुरुस्त करा, पण हलचा आकार सुधारायला तळ घासणं, जिथं परवानगी नाही तिथं भोक पाडणं, मास्ट कापणं, ह्यातलं काही केलं की बोट बाद. ऑप्टिमिस्टमध्येही असंच आहे आणि तिथं तर लहान लहान गोष्टींवर मुलं अडकतात. सेल मास्टला ज्या बारीक दोऱ्यांनी बांधतात त्या ढिल्या पडल्या आणि सेल आणि मास्टमधली फट १० मिलिमीटरच्या वर गेली की नियम मोडला. रेस संपवून मुलं किनाऱ्याला येतात आणि मापं तपासणारा मेजरर पट्टी घेऊन उभा असतो, तेव्हा पालकांचे चेहरे बघवत नाहीत. बोटीत पाणी उपसायचा डबा दोरीने बांधलेला पाहिजे, वल्हं पाहिजे, तरंगणारी दोरी किमान पाच मिलिमीटर जाड आणि आठ मीटर लांब, अखंड, मास्टपाशी बांधलेली पाहिजे, लाईफ जॅकेटला शिट्टी पाहिजे. ह्या सगळ्याची जबाबदारी बोट घेऊन उतरणाऱ्याची, क्लबची नाही. म्हणून मी मुलांना पाण्यात उतरण्याआधी स्वतःच्या हाताने प्रत्येक दोरी ओढून बघायला लावते, बापाने बांधून दिलेली चालत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: आत्ता ऑप्टिमिस्ट क्लबची चालवा, विकत घेऊ नका. पन्नास किलोच्या आसपास आयएलसीए ४. ती जुनी बोट प्लाक आणि मास्टचं भोक दोन्ही पास झाली तरच घ्या.

नियमांचं आता. वर्ल्ड सेलिंग नावाची संस्था रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग हे पुस्तक दर चार वर्षांनी नवीन काढते, सध्या २०२५ ते २०२८ चं चालू आहे. त्याच्यावर क्लासचे नियम, आणि त्याच्यावर त्या त्या रेगाटाची नोटीस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स. पाठ करून घेऊ नका, अजिबात नको. पुस्तक जाड आहे पण पाण्यावर ९० टक्के वेळा जे लागतं ते चार-पाच नियमांत बसतं, आणि ते किनाऱ्यावर वाळूत काड्यांनी बोटी मांडून शिकवता येतं.

पहिला, नियम १०. दोन बोटी वेगवेगळ्या टॅकवर समोरासमोर आल्या तर पोर्ट टॅकवाल्याने बाजूला व्हायचं. पोरीला एवढं सांगा, वारा बोटीच्या उजव्या बाजूने येतोय तर तू स्टारबोर्डवर, हक्क तुझा. डाव्या बाजूने येतोय तर तू पोर्टवर, जागा तू द्यायची. स्टारबोर्डवाला लांबूनच जोरात ओरडतो, स्टारबोर्ड! पोर्टवर असशील तर दोनच रस्ते, लवकर टॅक मार, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदल, किंवा थोडं खाली, म्हणजे वाऱ्यापासून लांब, वळून त्याच्या मागून जा. नवीन मुलं तिसरं करतात, बघत राहतात, आणि शेवटच्या क्षणी टॅक मारतात, पण टॅक मारत असताना तुझा काही हक्क नसतो, तो नियम १३. आणि स्टारबोर्डवाल्यालाही मोकळीक नाही, पोर्टवाला मागून जायला निघालाय तर मुद्दाम खाली वळून त्याच्या अंगावर जाता येत नाही.

दुसरा, नियम ११. एकाच टॅकवर शेजारी शेजारी चाललेत तर वाऱ्याच्या बाजूची बोट बाजूला राहील. स्टार्ट लाईनवर सगळी भांडणं ह्याचीच. तिसरा, नियम १२, मागून येणाऱ्याने पुढच्याला धडकायचं नाही. आणि १४, हक्क तुझा असो नसो, टाळता येणारी धडक टाळायची. हक्क माझा होता म्हणून मी सरळ गेले हे प्रोटेस्ट कमिटीसमोर चालत नाही.

चौथा थोडा अवघड, मार्कवर जागा द्यायचा, नियम १८. मार्कभोवती एक झोन धरायचा, तो मार्कच्या जवळ असलेल्या बोटीच्या तीन लांबीचा. म्हणजे ऑप्टिमिस्टला सुमारे सात मीटर आणि आयएलसीएला साडेबारा मीटरच्या आसपास. पहिली बोट झोनमध्ये शिरली त्या क्षणी दोघी शेजारी होत्या तर बाहेरचीने आतल्या बोटीला मार्क घ्यायला जागा द्यायची. तेव्हा पुढे-मागे होत्या तर मागचीने पुढचीला. एकदा ठरलं की ठरलं, नंतर मागून नाक घुसवून जागा मागता येत नाही. वाऱ्याकडं वर चढताना समोरासमोरच्या टॅकवर असतील तर हे लागू नाही, तिथं परत पोर्ट-स्टारबोर्ड. मी हे शिकवताना मार्क म्हणून तलावात एक कॅन सोडते आणि मुलांना बोटीतून तीन लांबी म्हणजे किती ते मोठ्याने ओरडून सांगायला लावते. सुरुवातीला सगळी मुलं झोन अर्धाच समजतात.

चूक झाली तर काय, हे पालकांना माहीत नसतं. जिने नियम मोडला तिने तिथंच, लगेच बाजूला होऊन दोन गोल चकरा घ्यायच्या, एका दिशेने, त्यात दोन टॅक आणि दोन जाईब, म्हणजे शेपटी वाऱ्यातून फिरवून वळणं. मार्कला नुसता स्पर्श झाला तर एक चक्कर. एवढं केलं की विषय संपला. नाही केलं आणि समोरच्याने प्रोटेस्ट म्हणून ओरडून नंतर लेखी दिलं तर संध्याकाळी सुनावणी. टेबलावर बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या बोटी ठेवतात, एक बाण वाऱ्याचा, आणि मुलांना सांगतात दाखव काय झालं. मी ह्या टेबलाच्या पलीकडे बसलेय आणि सांगते, जी मुलं दाखवताना वारा कुठून होता आणि दोन बोटींमध्ये किती लांबीचं अंतर होतं एवढं नीट सांगतात त्यांचं म्हणणं कमिटीला समजतं. सहा मीटरपेक्षा लहान बोटींना लाल झेंडा लावायची गरज नाही, पण ओरडणं लगेच पाहिजे आणि अर्ज इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहिलेल्या वेळेत पाहिजे.

आता तुमच्यासाठी, म्हणजे बापासाठी एक नियम. नियम ४१, रेस चालू असताना बाहेरची मदत घ्यायची नाही. बांधावर उभं राहून "टॅक मार, टॅक मार" ओरडणं ही मदतच झाली आणि शिक्षा पोरीला होऊ शकते. पुस्तकात पालक आणि कोच दोघांनाही सपोर्ट पर्सन म्हटलंय आणि त्यांच्या वागण्याचा दंड बोटीला बसू शकतो. अंबाझरीसारख्या तलावावर किनारा जवळ असतो आणि आवाज सरळ बोटीपर्यंत पोचतो, तेव्हा तोंड मिटून बघायची सवय आत्तापासून लावा.

आणि नियम ४२. आपल्याकडच्या तलावात वारा पडतो, मग मुलं बोट हलवून, मेनशीट म्हणजे सेलच्या दोरीला झटके देऊन, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा इकडं तिकडं ढवळून पुढं सरकतात. सरावात कोणी टोकत नाही आणि ती सवय होते. रेगाटात जज मोटरबोटीतून शिट्टी वाजवतो, पिवळा झेंडा दाखवतो, सेल नंबर पुकारतो. पहिल्यांदा दोन चकरा, दुसऱ्यांदा ती रेस सोडायची. काही मोठ्या क्लासमध्ये ठराविक वाऱ्याच्या वर पंपिंग, म्हणजे सेल झटकणं, मोकळं करतात, ऑप्टिमिस्ट आणि आयएलसीएमध्ये तसं नाही. नागपूर-भोपाळच्या मुलांना हा दंड जास्त बसतो असं मला वाटतं, कारण आपण कमी वाऱ्यात शिकतो.

स्टार्टचं घड्याळ पाच मिनिटांचं, पाच, चार, एक, शून्य, प्रत्येक वेळी झेंडा आणि आवाज, पण धरायचा झेंडा, आवाज चुकू शकतो. चार मिनिटाला कोणता झेंडा चढला ते बघायला शिकवा. काळा झेंडा असेल आणि शेवटच्या मिनिटात लाईनची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात सापडली तर त्या रेसमधून बाद, रेस परत सुरू झाली तरी. यू झेंड्याला तसंच, पण परत स्टार्ट झाला तर माफ. पॉइंट उलटे असतात, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, सगळ्यात कमी तो जिंकला, आणि पुरेशा रेस झाल्या तर सगळ्यात वाईट एक सोडून देतात. म्हणून एक रेस बिघडली की रडायचं नाही, पण काळ्या झेंड्यावर दोनदा सापडलं तर दुसरी सोडता येत नाही. हे गणित मुलांना लवकर कळतं.

आता वर म्हटलं होतं ते, बाहेर नेणं जमणार नसेल तर. मग नागपुरातच तीन-चार घरं मिळून जमेल त्या बोटी आणा, एखादी एंटरप्राइज, एखादी ऑप्टिमिस्ट, आणि ती लेझर बिनप्लाकची निघाली तरी इथं चालेल. वेगवेगळ्या बोटींची रेस पोर्ट्समथ यार्डस्टिकने लावता येते. प्रत्येक क्लासला एक नंबर असतो, बोट जितकी हळू तितका नंबर मोठा, लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या नंबरने भागायचं. हिशोबासाठी आयएलसीए ७ ला ११०० आणि ऑप्टिमिस्टला १६४० धरा. आयएलसीए ३३ मिनिटात म्हणजे १९८० सेकंदात आली, तिचे झाले १८०० सेकंद. तुमची पोरगी ऑप्टिमिस्टमध्ये ४८ मिनिटांनी आली, २८८० सेकंद, तिचे झाले १७५६. ती ४४ सेकंदांनी जिंकली. यादीतले नंबर दर वर्षी थोडे बदलतात, ते बघून घ्या. ह्याने फ्लीटची सवय लागत नाही पण स्टार्ट, मार्क आणि नियम तरी होतात. पाण्यात उतरायच्या आधी महापालिकेची लेखी परवानगी घ्या, सोबत रेस्क्यू बोट ठेवा, जलपर्णी कुठं साचलीय ते आदल्या दिवशी बघून कोर्स लावा, डॅगरबोर्डला, म्हणजे बोटीखाली पाण्यात उतरवलेल्या फळीला, ती अडकली की बोट जागच्या जागी थांबते.

त्या लेझरचा प्लाकचा फोटो आणि कोरलेला नंबर दोन्ही इथं खाली टाका, नंबर नीट वाचता येईल असा जवळून काढा. बघून सांगते ती रेसला चालेल का फक्त सरावाला, तोवर विकणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.